झाडाची गाठ: संप्रेरक बनवतंय कोण?

परसातली, माशेल

नमस्कार मंडळी. एका नर्सरीतून आणलेल्या कलमी गुलाबांपैकी एक झाड गेल्या पावसाळ्यापासून अडून बसलंय. पानं बारीक, नवा फुटवा नाही. काल कुंडी उपडी केली तर कलमाच्या सांध्याखाली, अगदी मातीच्या रेषेवर, लिंबाएवढी गाठ. वरून खडबडीत, तपकिरी, भेगाळलेली. सुरीने काप दिला तर आत पांढुरकं, गच्च, लाकडाचे धागे वेडेवाकडे गेलेले. अळी नाही, भोक नाही, कुजका वासही नाही.

शोधल्यावर ‘क्राउन गॉल’ हे नाव मिळालं. जिवाणूमुळे होतो आणि जिवाणू झाडाची हॉर्मोन्स, म्हणजे संप्रेरकं, वापरतो, एवढं कळलं. तिथेच मी अडले. जिवाणूला झाडाचं हॉर्मोन घेऊन करायचंय काय? जिवाणू मारला तर गाठ जिरेल का? शेजारी शेवंती आणि कण्हेर आहे, त्यांना धोका आहे का? जाणकारांनी सांगावं.

कुळागरकार, सावईवेरे

ताई, गाठ धारदार कोयतीने खरवडून काढा, वर बोर्डो (मोरचूद-चुन्याची) पेस्ट फासा आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची आळवणी करा. सुपारीच्या कोळेरोगावर आम्ही दर पावसाळ्यात बोर्डो मारतो, त्याच्यासारखं औषध नाही. आणि हा तर जिवाणू, म्हणजे ॲंटिबायोटिकने मरायलाच हवा.

प्रयोगवही, फोंडा

परसातलीताई, वर्णनावरून क्राउन गॉलच वाटतो. कुळागरकारबाब, बोर्डोच्या बाबतीत तुमच्यापुढे बोलायची माझी छाती नाही, पण या गाठीवर स्ट्रेप्टोसायक्लिन ओतलं तर पैसा आणि औषध दोन्ही मातीत जाईल. का, ते सविस्तर लिहिते. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

गाठ म्हणजे जिवाणूंनी भरलेली पिशवी, असं आपण धरून चालतो. पण कापल्यावर ताईंना जे गच्च आणि वेड्यावाकड्या धाग्यांचं दिसलं ते सगळं गुलाबाचंच आहे. गुलाबाच्याच पेशी बेसुमार वाढल्यात. त्यांना वाढ म्हणून कोणी सांगितलं, हा खरा प्रश्न.

झाडात बरीच संप्रेरकं असतात. इथे दोन महत्त्वाची. ऑक्सिन पेशी लांबवतं, मुळं फोडतं. सायटोकायनिन पेशींना विभागायला लावतं, कोंब फोडतं. स्कूग आणि मिलर या दोघांनी १९५७ साली तंबाखूच्या खोडाच्या गाभ्याचे तुकडे घेऊन दाखवलं, की ऑक्सिनचं पारडं जड केलं तर तुकड्याला मुळं येतात, सायटोकायनिनचं जड केलं तर कोंब येतात, आणि दोन्ही बरोबरीला ठेवली तर ना मूळ ना कोंब, नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. ताईंच्या कुंडीत हा तिसरा प्रकार झालाय.

आता हे करणारा ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स. मातीत राहतो. झाडाला जखम झाली, मग ती कलमाची असो, खुरप्याची असो की वाळवीने कुरतडल्याची, की तिथून ॲसिटोसिरिंगोनसारखी फिनॉल जातीची द्रव्यं पाझरतात. ती जाणवताच जिवाणूची संसर्गाची जनुकं जागी होतात. तो आपल्या प्लाझमिडमधून, म्हणजे जिवाणूत सुट्या असलेल्या डीएनएच्या कड्यातून, एक तुकडा काढून झाडाच्या पेशीत सोडतो, आणि तो तुकडा थेट पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. त्या तुकड्यावरची दोन जनुकं मिळून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून आधी इंडोल-ॲसिटामाइड आणि मग ऑक्सिन तयार करतात. तिसरं जनुक सायटोकायनिन बनवतं. झाडाचा स्वतःचा ऑक्सिन बनवायचा मुख्य मार्ग वेगळा आहे, आणि तो कधी चालू ठेवायचा, कधी बंद, हे झाडाच्या हातात असतं. हा मार्ग बाहेरून आलेला, त्याला लगाम नाही.

म्हणून औषधाचा उपयोग होत नाही. बाहेरून कोणी बादल्या भरून पाणी ओतत असेल तर त्याला हाकलता येतं. इथे घरातच नवा नळ बसवून तो उघडा टाकलाय. बसवणाऱ्याला मारलं तरी नळ वाहतच राहणार.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. १९०७ साली अमेरिकेत अर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी मार्गराइट डेझीच्या, म्हणजे शेवंतीच्याच कुळातल्या झाडाच्या गाठीतून हा जिवाणू वेगळा केला आणि निरोगी झाडाला टोचून गाठ आणून दाखवली. पुढे १९४० च्या दशकात आर्मिन ब्रॉन यांनी आपल्या दारोदारी दिसणारी सदाफुली घेतली. तिला जिवाणू टोचले, काही दिवस जाऊ दिले आणि मग झाड तगेल पण जिवाणू मरतील इतक्या उष्णतेत ठेवलं. जिवाणू मेले. गाठी वाढतच राहिल्या. गाठीचे जिवाणूरहित तुकडे काचेच्या नळीत वाढवले तर ते बाहेरून कुठलंही संप्रेरक न देता वाढत गेले. साध्या झाडाचा तुकडा तसा वाढत नाही. काहीतरी कायमचं बदललंय हे ब्रॉनना कळलं होतं. काय बदललंय ते १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: झाडाच्या पेशीत जिवाणूचा डीएनए.

जिवाणूला मिळतं काय? त्याच तुकड्यावर ओपाइन नावाची द्रव्यं बनवायचीही जनुकं असतात. गाठीतल्या पेशी ती बनवतात, जिवाणू ती खातो. बाकीच्या बहुतेक सूक्ष्मजीवांना ती पचत नाहीत. म्हणजे स्वतःपुरतं अन्न पिकवून घ्यायची ही सोय, आणि संप्रेरकं त्यासाठी लागणाऱ्या पेशींची संख्या वाढवतात.

ताई, त्या झाडाचा मोह सोडा. मुळांसकट, आसपासच्या मातीसकट काढून जाळा. गाठ पाणी ओढते, तिच्यावर धड साल नसते म्हणून पाणी उडूनही जातं. तुमचं झाड अडून बसलं ते याच्यामुळे. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. जिवाणू तिच्यात काही वर्षं टिकू शकतो. टाकवत नसेल तर तिच्यात हळद किंवा आलं लावा, एकदल झाडांना निसर्गात हा रोग सहसा होत नाही. शेवंतीला मात्र होतो, तिच्यावर लक्ष ठेवा. कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

कलमवाला, डिचोली

बाई, एक शंका. आम्ही फाटे लावताना बुडाला मुळं फुटायची पावडर लावतो, तीही ऑक्सिनच ना? कधी कधी त्या बुडाला पांढरट गोळा येतो. गिऱ्हाईक तो बघून रोग म्हणून रोप परत करतं. हा गोळा आणि ती गाठ ओळखायची कशी?

प्रयोगवही, फोंडा

चांगला प्रश्न. पावडरीत इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, ऑक्सिनच्याच जातीचं. फाट्याच्या बुडाला येतो तो किणगोळा, जखम भरून काढणारा. तो कापाच्या कडेभोवतीच येतो, बऱ्यापैकी गुळगुळीत असतो, आणि मुळं फुटली की वाढायचा थांबतो. पावडर संपते, तिचा परिणामही संपतो. क्राउन गॉल थांबत नाही. महिन्या-दोन महिन्यांत आकार दुप्पट झाला, पृष्ठभाग भेगाळला, बाजूच्या मुळांवरही लहान गाठी आल्या, तर संशय घ्या. शंका असलेली रोपं वेगळी ठेवा आणि तेवढा काळ विकू नका, ही विनंती. आपल्याकडची बरीचशी गुलाबाची कलमं घाटावरून येतात, एका रोपाबरोबर माती अख्ख्या नर्सरीत फिरते.

कलमवाला, डिचोली

वेगळी ठेवतो. कलमाचा चाकू दर झाडाला पुसणं कामाच्या घाईत राहून जातं, त्यावर उपाय म्हणजे दोन चाकू. एक स्पिरिटच्या डब्यात, एक हातात. पोरांना आजच सांगतो.

एमएस्सी, ताळगाव

बाईंनी जे लिहिलं त्याचा एक भन्नाट पुरावा वाचनात आला होता तो सांगतो. त्या डीएनएच्या तुकड्यातली ऑक्सिनची जनुकं मोडून मग तोच जिवाणू तंबाखूला टोचला, तर गाठीतून कोंबच कोंब फुटले. उलट सायटोकायनिनचं जनुक मोडलं तर गाठीला मुळं फुटली. स्कूग आणि मिलर यांचं पारडं जसंच्या तसं, फक्त बाटलीऐवजी झाडावर.

कण्हेरीचं विचारलंय म्हणून: भूमध्य समुद्राच्या काठावर आणि कॅलिफोर्नियात कण्हेरीला आणि ऑलिव्हला गाठी आणणारा एक वेगळा जिवाणू आहे, स्युडोमोनास सावास्टानोई. तोही ट्रिप्टोफॅनपासून त्याच दोन पायऱ्यांनी ऑक्सिन बनवतो. जनुकंसुद्धा ॲग्रोबॅक्टेरियमच्या जनुकांशी नातं सांगणारी निघाली. पण हा झाडात डीएनए घालत नाही. स्वतःच ऑक्सिन आणि सायटोकायनिन बनवून झाडाच्या पेशींमध्ये सोडत राहतो. गाठीच्या आतल्या पोकळ्यांत हे जिवाणू खरोखर भरलेले असतात आणि पाऊस पडला की ओघळून बाहेर येतात. ऑक्सिन बनवायची ताकद गेलेले जिवाणू झाडात जगतात, वाढतात, पण गाठ येत नाही. कॅलिफोर्नियात कोसुगे यांच्या प्रयोगशाळेने १९७० च्या दशकाच्या शेवटी हे दाखवलं होतं.

म्हणजे बाईंच्या भाषेत, हा बादल्या ओतणारा.

प्रयोगवही, फोंडा

अगदी बरोबर, आणि म्हणूनच तिथे तांब्याची फवारणी उपयोगी पडते. पान गळाल्यावर राहिलेल्या वणातून आणि छाटणीच्या जखमांतून तो शिरतो, त्या जखमा पावसाआधी तांब्याने झाकल्या की त्याचा रस्ता बंद. कुळागरकारबाब, तुमचा बोर्डो या ठिकाणी खरा. गाठ सारखी दिसते, संप्रेरकं तीच, पण ती जिवाणू बनवतोय की झाडाची पेशी, यावर इलाज ठरतो.

ताई, तुमच्या गुलाबाची गाठ आणणारा आणि कण्हेरीवरचा हा जिवाणू वेगवेगळे आहेत, पण ॲग्रोबॅक्टेरियमला शेकडो जातींची झाडं चालतात. कण्हेरीला जखम होऊ देऊ नका आणि तिची छाटणी करताना चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नका, विषारी असतो.

वायंगण, आगशी

मी गुलाबवाला नाही, वांगीवाला. भात कापून झाल्यावर त्याच शेतात वांगी लावतो. आमच्या आगशीच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, भाव बरा आहे, पण जिवाणूची मर लागली की ओळच्या ओळ जाते. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी माना टाकतं, संध्याकाळी जरा सावरतं, आणि दोन-तीन दिवसांत हिरवंच्या हिरवं वाळतं. पिवळं पडायचीही सवड मिळत नाही. यातही संप्रेरकांचा खेळ आहे का? असेल तर उलट संप्रेरक फवारून वाचवता येईल का? मिरचीची फुलगळ थांबवायला आम्ही प्लॅनोफिक्स मारतोच.

प्रयोगवही, फोंडा

वायंगणदादा, आधी एक खात्री करा. मर लागलेल्या झाडाचं खोड जमिनीपासून वीतभर वर कापा, तीन-चार बोटांचा तुकडा घ्या आणि काचेच्या पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाण्यात अर्धा बुडेल असा टांगून धरा. हलवू नका. काही मिनिटांत कापाच्या टोकातून दुधासारखे बारीक धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूची मर. बुरशीच्या मरीत असे धागे येत नाहीत, नुसत्या वाहिन्या तपकिरी दिसतात.

जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासिअरम. मुळांतून शिरतो, जलवाहिन्यांत पोचतो, तिथे बेफाट वाढतो आणि चिकट शर्करायुक्त लगदा सोडतो. वाहिन्या तुंबतात, पाणी वर चढत नाही, झाड माना टाकतं. मुख्य कारण हे. पण तुमचा संशय निराधार नाही: हा जिवाणू इथिलीन बनवतो, आंबा-केळी पिकवणारं तेच वायुरूप संप्रेरक. फ्रीबेर्न आणि बुडेनहेगन यांनी १९६४ मध्येच ते नोंदवलं. अमेरिका खंडात केळीला याच गटातल्या जिवाणूमुळे मोको नावाचा रोग होतो, त्यात घड कोवळे असतानाच केळी पिवळी पडायला लागतात. इथिलीन बनवायचं जनुक आणि झाडावर हल्ला करायची हत्यारं एकाच मुख्य बटणावर चालू होतात असंही पुढे दिसलं, म्हणजे ते रोगाच्या तयारीचाच भाग आहे. टोमॅटोत मर लागायच्या आधी पानांचे देठ खाली वाकतात आणि खोडावर मुळांचे बारीक फोड येतात, त्यातही इथिलीन आणि ऑक्सिन यांचा हात असतो. वांग्यात तेवढं ठळक दिसत नाही.

तरी फवारणीने हे उलटवता येणार नाही. तुंबलेली वाहिनी कुठल्याही संप्रेरकाने मोकळी होत नाही, आणि प्लॅनोफिक्स हे ऑक्सिनच्या जातीचं, झाडाची प्रतिकारशक्ती त्याने वाढत नाही, उलट ऑक्सिन वाढलं की सॅलिसिलिक आम्लावर चालणारा बचाव ढिला पडतो. मर लागलेल्या शेतात ते मारू नका.

जमेल ते असं: रोगी झाड उपटून बांधावर टाकायचं नाही, शेताबाहेर नेऊन जाळायचं. त्या ओळीचं पाणी पुढच्या ओळीत जाऊ द्यायचं नाही, मर पाण्याबरोबर चालते. तुमच्या शेतात भात होतो ही जमेची बाजू, पाणी तुंबलेल्या खरिपाने मातीतला जिवाणू कमी होतो. आणि मरीला दाद न देणारे वांग्याचे वाण जुन्या गोव्याला एला इथल्या आयसीएआरच्या किनारी कृषी संशोधन संस्थेने दिले आहेत, तिथे जाऊन विचारा. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही या मरीत टिकतात.

वायंगण, आगशी

ग्लासाची चाचणी आत्ताच केली. धागे उतरले. दुधाचा थेंब पाण्यात सोडल्यासारखे नव्हे, अगदी सुतासारखे सरळ खाली. घरातल्या सगळ्यांना दाखवलं. पाणी आतापर्यंत वरच्या ओळीतून खालच्या ओळीत सोडत होतो, ते आजपासून बंद. कलमी वांग्याचं डिचोलीकरांनी मनावर घ्यावं.

कलमवाला, डिचोली

घेतलं. रानवांग्याचं बी रुजायला वेळ लावतं, ते आधी टाकावं लागेल. कोवळ्या रोपांची कलमं बांधायला हात हलका लागतो, पण जमेल.

एमएस्सी, ताळगाव

जिवाणू स्वतः संप्रेरक बनवतात त्याच्या पुढची पायरीही आहे, ती मला सगळ्यात थक्क करते. स्युडोमोनास सिरिंजी हा पानांवर डाग पाडणारा जिवाणू. पानावर जिवाणू आले हे झाडाला कळतं आणि तासाभरात पर्णरंध्रं मिटतात, दार बंद. पण हा जिवाणू कोरोनाटीन नावाचं द्रव्य सोडतो. त्याची घडण झाडातल्या जास्मोनेट या संप्रेरकाच्या क्रियाशील रूपासारखी, इतकी की झाडाचा ग्राहक प्रथिनरेणू फसतो. तीन-चार तासांत रंध्रं पुन्हा उघडतात आणि जिवाणू आत. मेलोट्टो आणि सहकाऱ्यांनी हे २००६ साली दाखवलं. आत शिरल्यावरही कोरोनाटीन काम करतंच. झाडाचा जास्मोनेटचा मार्ग किडींविरुद्ध आणि सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग अशा जिवाणूंविरुद्ध, आणि एक वर गेला की दुसरा सहसा खाली येतो. जिवाणू झाडाला चुकीच्या शत्रूशी लढायला लावतो.

कुळागरकार, सावईवेरे

स्ट्रेप्टोसायक्लिन का नको ते आता पटलं. माणसांना लागणारी औषधं उगाच मातीत ओतू नयेत, हेही डॉक्टर मुलगी घरी सांगत असते. 

माझा प्रश्न वांग्याचाच, पण वेगळा. परड्यात दोन झाडं अशी आहेत की पानं अगदी बारीक, मऊ, फिकट, एका जागी झुबक्याने येतात, झाड झुडपासारखं होतं, काटे जातात, फूल आलंच तर हिरवं, फळ नाही. मर नाही, झाड जगतं, पण वांझ. यातही सायटोकायनिन जास्त झालंय का?

प्रयोगवही, फोंडा

बाब, हा पर्णगुच्छ. फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्ती नसलेल्या जिवाणूमुळे होतो. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि तो रसवाहिन्यांत राहतो. १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या झाडात तो पहिल्यांदा दिसला, तोवर असे रोग विषाणूंचे समजत.

झुडूप बघून वाटतं की सायटोकायनिन ओतलं जातंय. पण ह्याने इतकी जनुकं गमावलीत की स्वतः फार काही बनवतच नाही. तो छोटी प्रथिनं सोडतो आणि ती झाडाच्या स्वतःच्या संप्रेरकांच्या यंत्रणेत बिघाड करतात. जपानमध्ये कांद्यावरच्या फायटोप्लाझ्मात टेंगू नावाचं प्रथिन सापडलं, ते ऑक्सिनचा मार्ग दाबतं. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवत असतं, तो दाब गेला की सगळे कोंब एकदम फुटतात आणि झुबका होतो. दुसऱ्या एका फायटोप्लाझ्माचं सॅप-११ नावाचं प्रथिन जास्मोनेट कमी करतं, आणि मग त्या झाडावर तुडतुड्यांची वीण वाढते. रोग पसरवणाऱ्यालाच झाड सोयीचं करून ठेवलं जातं.

हे झाड कधीही फळणार नाही. दया करू नका, उपटा, आणि तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या परड्यात धोत्रा असेल तर तोही बघा, त्यातही हा रोग दिसतो.

परसातली, माशेल

सगळ्यांना देव बरें करूं. गुलाब जाळला, कुंडीची माती वेगळी काढली, तिच्यात हळद लावणार.

पण आता भीती वाटायला लागलीय. शेतात अळसांदे (चवळी) आहेत. एक रोप उपटून पाहिलं तर मुळांवर मोहरी-मिरीएवढ्या गाठीच गाठी. हाही जिवाणूच. उपटून टाकू?

प्रयोगवही, फोंडा

ताई, थांबा, उपटू नका! ती रायझोबियमची गाठ, अळसांद्याचं खत तिथे तयार होतं. एक गाठ नखाने अलगद ओढा: मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, सहज सुटते. मध्ये कापा, आत गुलाबी-लालसर दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठ कामावर आहे आणि हवेतला नायट्रोजन बांधतेय. आत हिरवट-करडं झालं की तिचं काम संपत आलं.

वांग्या-भेंडीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, समजा. त्या मुळापासून सुटत नाहीत, मूळच जागोजागी फुगलेलं असतं.

रायझोबियमची गाठही संप्रेरकांच्याच जोरावर उभी राहते. जिवाणू एक संकेतद्रव्य सोडतो, त्यावर झाड स्वतःचं सायटोकायनिन कामाला लावतं आणि मुळाच्या आतल्या पेशी विभागायला लागतात. पण इथे लगाम झाडाच्या हातात राहतो. पुरेशा गाठी झाल्या की झाड नव्या गाठी थांबवतं, जमिनीत नत्र भरपूर असेल तर मुळात होऊच देत नाही. म्हणून अळसांद्याला युरिया घालू नका.

एमएस्सी, ताळगाव

जाता जाता: चतुर्थीच्या खतखत्यात आपण रताळी घालतो ना? २०१५ साली असं दिसून आलं, की तपासलेल्या सगळ्या लागवडीच्या रताळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा डीएनए आहे, त्यात ऑक्सिनची तीच दोन जनुकंही आहेत. माणसाने प्रयोगशाळेत घातलेला नव्हे, हजारो वर्षांपूर्वी निसर्गातच शिरलेला, आणि पिढ्यानपिढ्या खाल्लेला.

कुळागरकार, सावईवेरे

एक शेवटचं विचारतो. ॲझोस्पिरिलमचं जिवाणू खत मिळतं, त्याच्या माहितीत लिहिलंय की तो जिवाणू ऑक्सिन बनवतो. इतकं वाचल्यावर ते मिरवेलीला घालावं की नको?

प्रयोगवही, फोंडा

घाला. ॲझोस्पिरिलम मुळांच्या पृष्ठभागावर राहून थोडंसं ऑक्सिन सोडतो, त्याने बाजूची मुळं आणि केसमुळं वाढतात, खत-पाणी जास्त ओढलं जातं. तो पेशीत डीएनए घालत नाही, त्याच्याकडे जलवाहिन्या तुंबवणारा लगदा नाही. नुसतं ऑक्सिन बनवता येणं म्हणजे रोगकारक असणं नव्हे, मातीतले कितीतरी जिवाणू ते बनवतात. काही उपयोगी जिवाणू तर उलटं काम करतात: इथिलीन ज्यापासून बनतं ते द्रव्यच एका विकराने मोडून टाकतात, म्हणून पाण्याच्या ताणात त्या झाडांची मुळं जास्त तग धरतात.

मिरवेलीसाठी एवढं पाळा: पाकिटावरची तारीख बघा, ऊन लागलेलं पाकीट घेऊ नका, शेणखतात मिसळून संध्याकाळी द्या, आणि त्याच आठवड्यात बोर्डोची आळवणी करू नका. तांबं चांगल्या-वाईट जिवाणूंत फरक करत नाही.

कुळागरकार, सावईवेरे

बोर्डो चतुर्थीनंतरचा झालाय. मग पाऊस ओसरला की देतो. वेलींना जखम होईल अशी खणती यंदा बुडाशी करणार नाही, पालापाचोळाच घालतो.